कंट्रोल-सी, किल मायनस नाईन आणि कपाटाला धडकलेला रोबो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर), त्यावर आरओएस टू हंबल (रोबोसाठीचं सॉफ्टवेअर, त्यात एकेक काम करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे नोड), एक लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), मोटारचा ड्रायव्हर नोड, नेव्ह-टू (रोबोला वाट काढून नेणारा भाग) आणि बॅग रेकॉर्डिंग (सेन्सरचा डेटा साठवणं), हे सगळं एका लाँच फाईलमधून उठतं. ती लाँच तुम्ही पायथॉनच्या खिडकीतल्या 'स्टार्ट' बटणावरून सबप्रोसेसने (पायथॉनमधून दुसरा प्रोग्राम चालवायची सोय) चालवता, शेल ट्रू ठेवून (म्हणजे मध्ये कमांड वाचणारा शेल येतो), आणि आउटपुट पाईप करून टी कमांडने (ती स्क्रीनवरही दाखवते, फाईलमध्येही लिहिते) लॉग फाईलमध्ये टाकता. 'स्टॉप' बटणाला टर्मिनेट जोडलंय. टर्मिनलमधून हाताने चालवून कंट्रोल-सी दाबलं की सगळं गुमान बंद होतं, पण बटणावरून केलं की नोड जिवंत राहतात. मग तुम्ही पी-किल मायनस नाईन (नावावरून प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, जबरदस्तीने मारणारी कमांड) मारता, पुढच्या वेळी लायडारचा पोर्ट बिझी सांगतो, आणि एकदा तर रोबो तसाच पुढे जाऊन कपाटाला धडकला. आता तुम्हाला हवीये सगळं एका फटक्यात मारणारी एक कमांड.

अशी कमांड आहे, तुम्ही ती वापरताय पण, आणि तुमचे अर्धे प्रॉब्लेम तिच्यामुळेच झालेत. खरा प्रश्न कसं मारायचं हा नाहीचे. बंद व्हायला कोणी कोणाला सांगायचं, सांगितल्यावर किती वेळ थांबायचं, आणि कोणी ऐकलंच नाही तर मोटार कोण थांबवणार, हे तीन प्रश्न आहेत, आणि तिसरा सगळ्यात आधी सोडवायचा.

आधीच सांगतो, पुढचं सगळं जसंच्या तसं तुमच्याकडे लागू होईल असं नाही. रोबो दोन किलोचा आहे की ऐंशी किलोचा, मोटार कंट्रोलर कुठला, त्याच्या फर्मवेअरला (आतल्या प्रोग्रामला) तुम्ही हात लावू शकता की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. मी साकीनाक्याच्या एका गाळ्यात सामान वाहणाऱ्या ट्रॉल्यांवर काम करतो, त्यामुळे माझी भीती थोडी वजनदार आहे असं समजा.

आमच्याकडचाच किस्सा. सुरुवातीच्या काळात एका शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना घरी जायची घाई, ट्रॉली ०.३ मीटर प्रति सेकंदाने चालली होती, एक नोड अडकला म्हणून मी बसल्या जागेवरून किल मायनस नाईन मारलं. प्रोसेस मेली, स्क्रीन शांत, मी लॅपटॉप मिटायला घेतला आणि ट्रॉली चाललीच आहे. कारण मोटार कंट्रोलरला शेवटचा वेग मिळाला होता ०.३, त्यानंतर 'थांब' असं कोणी सांगितलंच नव्हतं, आणि तो बिचारा आज्ञाधारक. पाण्याचा वीस लिटरचा जार आडवा झाला, पुढे जिन्याचं तोंड, आमच्या एका पोराने धावत जाऊन बॅटरीचा एक्सटी-६० कनेक्टर ओढला. तो कनेक्टर घाईत ओढून बघा एकदा, घामाच्या हाताने तो सुटत नाही. जिन्याच्या चार फूट अलीकडे थांबली. सोमवारी सकाळी पहिलं काम केलं ते कोडमध्ये नाही, लॅमिंग्टन रोडवरून लाल मश्रूम बटण आणून बॅटरी आणि मोटार ड्रायव्हरच्या मध्ये बसवलं.

तर पहिला मुद्दा तोच. मोटार थांबणं हे पायवरच्या कुठल्याही प्रोसेसच्या नीट मरण्यावर अवलंबून ठेवू नका. लोकल चालवणाऱ्या मोटरमनच्या हँडलला डेडमॅन असतो, हात दाबून ठेवावाच लागतो, मोटरमनला चक्कर आली, हात सुटला की ब्रेक आपोआप लागतात, कोणी 'ब्रेक लाव' म्हणायची वाट बघत नाही. तसंच तुमच्या आर्डुइनोमध्ये किंवा जो काही कंट्रोलर असेल त्यात करा: शेवटची वेगाची कमांड येऊन ५०० मिलिसेकंद झाले आणि नवीन आली नाही की पीडब्ल्यूएम (मोटारचा वेग ठरवणारा सिग्नल) शून्य. दहा ओळींचं काम आहे. आरओ‍एस कंट्रोलमधला डिफ ड्राइव्ह कंट्रोलर (दोन बाजूंची चाकं वेगवेगळी फिरवणारा) वापरत असाल तर त्यात सीएमडी-व्हेल (वेगाची कमांड) टाइमआउट नावाचा पॅरामीटर असतोच, डिफॉल्ट अर्धा सेकंद, पण तो कंट्रोलरची प्रोसेस जिवंत असेपर्यंतच उपयोगाचा. प्रोसेसच मेली तर टाइमआउट मोजणार कोण? म्हणून फर्मवेअरमधला वेगळा हवाच, आणि त्याच्याही खाली लाल बटण, जे सॉफ्टवेअरला न विचारता मोटारची वीज तोडतं.

हे झालं असेल तर आता निवांतपणे सॉफ्टवेअरकडे येऊ.

लिनक्समध्ये प्रोसेसला 'बंद हो' सांगायच्या तीन पायऱ्या आपल्या कामाच्या. सिगइंट, नंबर २, कंट्रोल-सी ने जातो तो. सिगटर्म, नंबर १५, नुसतं किल लिहिलं किंवा पायथॉनचं टर्मिनेट वापरलं की हा जातो. आणि सिगकिल, नंबर ९. पहिले दोन प्रोसेसला ऐकू येतात, ती आवराआवर करू शकते, किंवा दुर्लक्षही करू शकते. दुकानदार रात्री शटर अर्धं खाली ओढतो ना, तसं. आतल्या गिऱ्हाइकाला कळतं, हिशोब होतो, गल्ला मोजला जातो, मग शटर पूर्ण खाली. ९ म्हणजे दुकान चालू असताना कोणीतरी मेन स्विच काढला. प्रोसेसला कळतसुद्धा नाही, तिचा एकही क्लीनअप कोड चालत नाही, कितीही ट्राय-फायनली (पायथॉनमधली 'शेवटी हे कराच' अशी सोय) लिहा.

९ नंतर कर्नल (लिनक्सचा गाभा) आपल्या परीने साफसफाई करतो, मेमरी परत घेतो, उघड्या फाईली आणि पोर्ट बंद करतो. पण त्या साफसफाईत जे येत नाही ते तसंच राहतं. मोटार कंट्रोलरमधला शेवटचा वेग, फिरत राहिलेली लायडारची मोटार, बॅगची न लिहिलेली मेटाडेटा फाईल (ही नसेल तर बॅग उघडत नाही, मग रीइंडेक्स करत बसा), डेव्ह एसएचएम फोल्डरमध्ये फास्ट डीडीएसने (नोडचे निरोप पोचवणारा भाग) ठेवलेल्या शेअर्ड मेमरीच्या फाईली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या प्रोसेसची मुलं. बाप मेला म्हणून मुलं मरत नाहीत, ती अनाथ होऊन चालूच राहतात.

आता तुमचा पोर्ट बिझीचा प्रश्न इथेच सुटतो बघा. मेलेल्या प्रोसेसचा पोर्ट कर्नल बंद करतोच, मग पोर्ट बिझी येतोय म्हणजे ती प्रोसेस मेलेलीच नाहीये! पी-किलला तुम्ही आरओएस टू हे नाव दिलं असणार, त्याने लाँच मेली, लायडारच्या नोडचं नाव वेगळं, तो मजेत चालू. एफयूजर किंवा एलएसओएफ कमांडला टीटीवाय यूएसबी झिरोचा (लायडारच्या पोर्टचा) पत्ता देऊन बघा, पोर्ट धरून बसलेल्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) लगेच मिळेल. आणि बिझी आलं हे नशीब समजा, कारण ड्रायव्हरने पोर्ट एक्सक्लुझिव्ह घेतला नसेल तर दुसरी प्रोसेसही तो उघडते, मग दोघी अर्धे अर्धे बाईट वाचतात आणि तुम्ही दोन दिवस लायडार खराब आहे म्हणून केबल बदलत बसता. बसलोय मी.

मग टर्मिनलमधून नीट होतं आणि बटणावरून नाही, असं का? कारण कंट्रोल-सी एका प्रोसेसला जातच नाही. टर्मिनल तो सिगइंट समोर चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला पाठवतं, लाँच, तिचे सगळे नोड, पाईपमधला टी, सगळ्यांना एकदम. तुमचं टर्मिनेट मात्र फक्त एकाला जातं, सबप्रोसेसने जिला जन्म दिला तिला. शेल ट्रू असल्यामुळे ती लाँच नाहीच, ती आहे मधला शेल. एकटी साधी कमांड असेल तर शेल बरेचदा स्वतःची जागा त्या कमांडला देऊन बाजूला होतो, पण तुम्ही पाईप लावलाय, त्यामुळे तो मध्ये ठाण मांडून बसतो. टर्मिनेट केलं, शेल गेला, लाँच आणि नोड बसलेत तिथेच. एखाद दिवशी पाईप न लावता चालवलं असेल तर वेगळं वागलं असेल, म्हणून तुम्हाला वाटतंय की 'कधी होतं कधी नाही'. यात लहरी असं काहीच नाहीये.

बरं, शेल काढून टाकला आणि टर्मिनेट थेट लाँचला गेलं तरी अजून एक खड्डा आहे. टर्मिनेट म्हणजे सिगटर्म, आणि आरओएस टू लाँचच्या बऱ्याच आवृत्त्यांना सिगटर्म पचत नाही, ती स्वतःच लॉगमध्ये लिहिते की सिगटर्म वापरलंत तर अनाथ प्रोसेस राहू शकतात. लाँचला नेहमी सिगइंटच द्यायचा. आणि फक्त लाँचच्या पीआयडीला सिगइंट दिला तर? ती गृहीत धरते की कंट्रोल-सी दाबलंय म्हणजे नोडना तो टर्मिनलकडून मिळालाच असेल, म्हणून स्वतः पाठवत नाही, ५ सेकंद वाट बघते, मग त्यांना सिगटर्म देते, अजून ५ सेकंदांनी सिगकिल. म्हणजे पहिले ५ सेकंद नोडना पत्ताच नाही. लाँचला नॉन-इंटरॅक्टिव्ह पर्याय दिला तर ती स्वतः पाठवते, पण मला सरळ मार्ग आवडतो: टर्मिनल जे करतं तेच आपण करायचं, अख्ख्या ग्रुपला सिगइंट.

तुमच्या कोडमध्ये बदल एवढाच. शेल ट्रू काढा, कमांड लिस्ट म्हणून द्या, पी-ओपनला (सबप्रोसेस सुरू करणाऱ्या कॉलला) स्टार्ट न्यू सेशन ट्रू द्या, म्हणजे लाँच आणि तिचं सगळं खानदान एका स्वतंत्र ग्रुपमध्ये जाईल आणि त्या ग्रुपला मारताना तुमची खिडकी मरणार नाही (हे विसरलात तर स्टॉप दाबल्यावर खिडकीच गायब होईल, मग घाबरू नका). स्टॉपवर ओएस मॉड्यूलचं किल-पीजी वापरून त्या ग्रुपला सिगइंट, मग वेट, टाइमआउट १५ सेकंद. आटोपलं तर छान. नाही तर ग्रुपला सिगटर्म, अजून ५ सेकंद, आणि मगच सिगकिल. आणि सिगकिलपर्यंत गेलं तर खिडकीत लाल अक्षरात दाखवा, गुपचूप करू नका, कारण ९ लागला याचा अर्थ कुठल्यातरी नोडमध्ये बग आहे. वेट मुख्य थ्रेडवर करू नका, नाहीतर खिडकी गोठेल आणि युजर वैतागून अजून चार वेळा बटण दाबेल. टीचं म्हणाल तर तो काढाच, ग्रुपला सिगइंट गेला की टी आधी मरतो आणि बंद होतानाचा लॉग, जो नेमका हवा असतो, तोच हरवतो. आउटपुट सरळ फाईलमध्ये द्या.

अजून एक, तुमच्या प्रश्नात नाही पण पुढे नक्की येणार. बॅशच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी अँडचं चिन्ह (&) लावून काही बॅकग्राउंडला सोडलं तर शेल त्याला सिगइंटकडे दुर्लक्ष करायला सांगूनच सुरू करतो. साध्या पायथॉन स्क्रिप्टला मग कितीही सिगइंट पाठवा, कीबोर्ड इंटरप्ट येतच नाही. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

आता नोडच्या आत. सिगइंट पोचला तरी नोडने बंद व्हायला हवं ना. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे वेगळ्या थ्रेडमध्ये व्हाईल ट्रू आणि आत सीरियल पोर्टचा रीड, टाइमआउटशिवाय. लायडार गप्प बसला की तो रीड जन्मभर अडकून राहतो, आणि थ्रेड संपत नाही म्हणून प्रोसेस संपत नाही. रीडला ०.२ सेकंदाचा टाइमआउट द्या, लूपच्या अटीत आरसीएल ओके (आरओएस अजून चालू आहे का) तपासा, दहा-दहा सेकंदांचे स्लीप काढून टायमर वापरा. शंभरातले नव्वद हट्टी नोड यानेच सुधारतात, हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.

दुसरी चूक जरा फसवी आहे. सगळे लिहितात की बंद होताना सीएमडी-व्हेल टॉपिकवर (नोड एकमेकांना निरोप पाठवतात तो मार्ग) शून्य वेग पब्लिश करायचा, म्हणजे पाठवायचा, आणि तो लिहितात डिस्ट्रक्टरमध्ये (सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) किंवा पायथॉनच्या फायनलीमध्ये. पण आरओएस टूचा स्वतःचा सिग्नल हँडलर असतो, तो सिगइंट येताच कॉन्टेक्स्ट (नोडचं आरओएसशी असलेलं कनेक्शन) बंद करून टाकतो, तुमच्या फायनलीपर्यंत कोड येतो तोवर पब्लिशर मेलेला असतो आणि कॉन्टेक्स्ट इनव्हॅलिड अशी एरर मिळते. त्याच जागी आरसीएलपाय (आरओएसची पायथॉन लायब्ररी) शटडाऊन परत बोलावलं की 'आधीच बोलावलंय' म्हणून अजून एक एरर, त्यासाठी ट्राय शटडाऊन वापरा. सी प्लस प्लसमध्ये कॉन्टेक्स्टला प्री-शटडाऊन कॉलबॅक लावता येतो, तो कॉन्टेक्स्ट जिवंत असताना चालतो, तिथून पब्लिश होतं. पण तरी विचार करा, शून्य पब्लिश केलं, ते पोचायच्या आत ऐकणारा ड्रायव्हर नोडच बंद झाला तर? सिगइंट सगळ्यांना एकदमच गेलाय, कोण आधी मरेल याची काही गॅरंटी नाही. म्हणून मी शून्य टॉपिकवर सोडत नाही. जो नोड मोटारच्या सीरियल पोर्टचा मालक आहे त्यानेच जाता जाता थेट पोर्टवर थांबायचे बाईट लिहायचे, फ्लश करायचं, पोर्ट बंद करायचा. त्याला आरओएस जिवंत असण्याची गरजच नाही.

क्रम महत्त्वाचा असेल, आणि रोबो हलत असताना स्टॉप दाबला जाणार असेल तर असतोच, तर सिग्नलच्या आधी एक पायरी घाला. स्टॉप दाबल्यावर आधी नेव्ह-टूचा चालू गोल (जायचं ठिकाण) कॅन्सल करा, ओडोमेट्रीत (चाकांवरून मोजलेल्या हालचालीत) वेग शून्य दिसेपर्यंत थांबा (जास्तीत जास्त २ सेकंद, कायमचं नाही), मग सिगइंट. नेव्ह-टूचे नोड लाइफसायकलवाले (टप्प्याटप्प्याने चालू-बंद होणारे) आहेत, त्यांचा मॅनेजर त्यांना ज्या क्रमाने उठवतो त्याच्या उलट क्रमाने बसवतो, तुमचा ड्रायव्हरही लाइफसायकल नोड केलात तर डीअ‍ॅक्टिव्हेटमध्ये मोटार थांबवणं ही हक्काची जागा मिळते. छोट्या रोबोला एवढं लगेच हवंच असं नाही, पण सवय चांगली. कारखान्यातल्या यंत्रांच्या आयईसी ६०२०४-१ या सुरक्षा मानकामध्येही हाच भेद आहे, कॅटेगरी ० म्हणजे सरळ वीज तोडा, कॅटेगरी १ म्हणजे आधी नियंत्रणाखाली थांबवा आणि मग वीज तोडा.

उद्या तुम्ही हे सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा) किंवा डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) टाकणार, सगळेच टाकतात, म्हणून थोडक्यात. दोघेही डिफॉल्टने सिगटर्म पाठवतात, लाँचला तो आवडत नाही हे वर आलंच, म्हणून सिस्टमडीत किल सिग्नल आणि डॉकरमध्ये स्टॉप सिग्नल सिगइंट करा. डॉकरमध्ये सुरुवातीच्या स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एक्झेक (शेलची जागा पुढच्या कमांडला देणारं) हवंच, नाहीतर पीआयडी १ शेल होतो आणि तो सिग्नल पुढे देतच नाही. वेळेचं गणितही बघा. बाहेरचा टाइमआउट आतल्यापेक्षा मोठा पाहिजे. डॉकर स्टॉप १० सेकंद थांबून सिगकिल देतं, आरओएस टू लाँचचे स्वतःचे ५ आणि ५ मिळून १० होतात, म्हणजे अगदी काठावर, आणि जुन्या आरओएस वनची लाँच तर सिगइंटनंतर १५ सेकंद आणि सिगटर्मनंतर २ सेकंद थांबायची, तिला डॉकर मधेच उडवायचं. मी डॉकरला ३० देतो. सिस्टमडीचे डिफॉल्ट ९० सेकंद असतात, तिथे प्रश्न उलटा, अडकलेला नोड असेल तर पाय शटडाऊन व्हायला दीड मिनिट लागतं, तेवढ्यात कोणीतरी प्लग काढतो आणि एसडी कार्ड जातं. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा गाळ्यातले दोन-तीन कार्ड असेच गेलेत.

आता सुधारलं की नाही ते कसं बघायचं. आरओएस टूच्या नोड लिस्ट कमांडवर भरवसा ठेवू नका, तिथे भुतं दिसतात. ९ ने मेलेला नोड जाताना निरोप घेत नाही, बाकीचे त्याची वाट बघत राहतात, फास्ट डीडीएसमध्ये डिफॉल्ट २० सेकंद, वर आरओएस टूचा डीमन (मागे चालू राहणारा मदतनीस प्रोग्राम) जुनी यादी दाखवतो. डीमन स्टॉप करून परत बघा किंवा नो-डीमन पर्याय द्या. खरं काय ते पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) दिसतं. मी एक छोटी स्क्रिप्ट ठेवलीये, ती लाँच सुरू करते, १० ते ४० सेकंदांमधला कुठलाही वेळ थांबते, ग्रुपला सिगइंट देते, संपायला किती सेकंद लागले ते लिहिते, आणि मग पी-ग्रेपने (नावावरून प्रोसेस शोधणारी कमांड) मागे कोण राहिलं ते मोजते. असं पन्नास वेळा, चाकं जमिनीपासून वर उचलून. वेळ मुद्दाम कमी-जास्त ठेवायचा, कारण खरी गंमत नोड अजून उठत असतानाच बंद करायला सांगितलं की होते. नेव्ह-टू अर्धवट उठलेला असताना सिगइंट दिला की आमचा एक नोड साताठ वेळांतून एकदा लटकायचा, हाताने टेस्ट करताना तो कधीच सापडला नव्हता.

हे सगळं करूनही एखादा राहिलाच तर त्याची प्रोसेस स्टेट बघा. झेड असेल तर तो मेलेलाच आहे, त्याच्या बापाने वेट केलेलं नाही, बाप तुमची खिडकी असेल तर चूक तिच्या कोडमध्ये. डी असेल तर तो कर्नलच्या आत कुठल्यातरी ड्रायव्हरमध्ये अडकलाय, बहुतेक यूएसबी, त्याला ९ पण लागत नाही, केबल काढून बघा. यातलं काहीच नसेल तर पीएसचा आउटपुट, ईएफ आणि फॉरेस्ट लावून, स्टॉप दाबायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही इथे टाका, आणि सोबत मोटार कंट्रोलर कुठला आहे ते लिहा, त्याचं नाव तुम्ही प्रश्नात दिलेलंच नाही आणि फर्मवेअरमधला टाइमआउट कुठे टाकायचा ते त्याच्यावरच ठरेल.